तीन बोटं खाली

दामू, बसली एकदाची तुझी गाडी.

उकिडवी नाही, ओणवी नाही. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, तू म्हणायचास तशी. काल दुपारी जॅक काढला, ती हळूच खाली आली, जराशी हलली आणि थांबली. तुझी मयूरी चार पावलं मागे गेली, तुझ्यासारखाच एक डोळा मिटून तिने पाहिलं आणि म्हणाली, "काका, आता बाबा गप बसले असते." तू कशानेही गप बसला असतास यावर माझा विश्वास नाही. पण पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून मी मान हलवली.

तुला जाऊन चोवीस दिवस झाले. जेवून गणपतीच्या कारखान्यातल्या बाकड्यावर आडवा झालास आणि वहिनी चहा घेऊन आल्या तोवर निघूनही गेलास. भेटायला आलेला जो तो म्हणत होता, झोपेत गेला, भाग्यवान. मला मात्र राग आला होता. मागची दोन्ही चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर ठेवायची आणि असं मधूनच उठून जायचं, ही काय रीत झाली?

तुमच्या जोहे गावच्या देवळात तुझ्यासाठी शोकसभा झाली. तुझ्या गणपतींबद्दल सगळे भरभरून बोलले. तू आखलेले डोळे कसे घरात कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडे बघतात, वगैरे. सगळं खरं. पण गाडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. एक जण नुसता "दामूशेठना इतरही छंद होते" असं म्हणून पुढे सरकला. छंद! साडेतीन वर्षांचे आपले रविवार त्याने एका वाक्यात गुंडाळून ठेवले. मला उठून बोलायचं होतं, पण मी पडलो धाटावच्या कंपनीत आयुष्य काढलेला टर्नर, मला भाषण कुठलं जमतंय. म्हणून हे लिहितोय. शिवाय तुला सांगायची एक गोष्ट राहिली आहे, ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

आपली ओळख झाली ती एका पाटावरून. मी नुकता निवृत्त झालो होतो, रोह्याला अष्टमी या वस्तीतल्या घरामागे शेड घालून लोखंड कातायला एक जुना लेथ टाकला होता, आणि तू कोणाकडून तरी पत्ता काढून आलास. मोठी मूर्ती रंगवताना माणसाने भोवती फिरायचं की मूर्तीने, असा तुझा प्रश्न होता. मी तुला बेअरिंगवर फिरणारा लोखंडी पाट करून दिला. तो बसवायला जोह्याला आलो तेव्हा तुझ्या कारखान्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी लांबडं झाकलेलं दिसलं, आणि त्यावर अकरा लहान गणपती ओळीने वाळत ठेवलेले. मी विचारलं, खाली काय आहे. तू म्हणालास, "गाडी हाय. पन आता नाय दावत, बाप्पा वले हायत."

बाप्पा वाळेपर्यंत मला दोन रविवार थांबायला लागलं. मग ताडपत्री निघाली. जपानी, दोन माणसांची, लांब नाकाची, आखूड शेपटाची, आपल्या दोघांच्या लग्नाच्या आधी बनलेली. अलिबागकडच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने बंगला सोडून जाताना "ओढून नेशील तर तुझी" म्हणून तुला देऊन टाकलेली. तू ती ट्रॅक्टरला बांधून आणलीस आणि वहिनी चार दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. इंजिन तू आणि पेणच्या मिस्त्रीने मिळून चालू केलं होतं. रंग तूच मारला होतास, पितांबराचा पिवळा, कारण तो डबा घरात होता. एवढं सगळं होऊनही तू तिच्यावर खूश नव्हतास.

"बैठक चुकलेय," तू म्हणालास.

मी म्हणालो, गाडीला कसली आली बैठक.

तेव्हा तू मला पहिला धडा दिलास. मूर्ती घडवताना सोंड, मुकुट, दागिने ही सगळी नंतरची गोष्ट. आधी बैठक. बैठक बिघडली तर वरचा देव कितीही देखणा असो, तो आता उठून जाईल असं वाटत राहतं. आणि ही गाडी, तुझ्या मते, संडासाच्या रांगेत बसल्यासारखी उकिडवी बसली होती. चाकं आणि मडगार्ड यांच्यात एवढी मोकळी जागा, की त्यात मांजर झोपायचं. ते खरंच झोपायचं, मी पाहिलंय. "हिला मांडी घालून बसव, टर्नर," तू म्हणालास. माझं नाव तुला शेवटपर्यंत लागलं नाही.

मी तुला समजावलं की गाडी खाली घेणं म्हणजे मातीचा गोळा दाबणं नाही. त्या गाडीच्या प्रत्येक चाकाला एक लोखंडी नळी असते, तिला स्ट्रट म्हणतात. तिच्या पोटात शॉकअप, बाहेरून बशीवर बसलेली स्प्रिंग. बशी खाली घेतली की गाडी खाली येते, पण मग आतला शॉकअप पहिल्याच खड्ड्यात तळाला आपटतो. म्हणून नळीसुद्धा तेवढीच कापायची, मधला तुकडा काढायचा, दोन्ही टोकं परत सरळ रेषेत जोडायची आणि आत आखूड शॉकअप घालायचा. जोड केसभर वाकडा गेला तरी चाक वाकडं. आणि एकदा कापलेली नळी सहजी वाढत नाही. तू सगळं लक्ष देऊन ऐकलंस आणि म्हणालास, "म्हंजे नडगी आखूड करायची. मंग तसं बोल ना."

त्या दिवसापासून त्या नडग्याच झाल्या. पुढच्या दोन नडग्या गोणपाटात बांधून मी एसटीने रोह्याला नेत होतो तेव्हा कंडक्टरने विचारलं, काय हाय यात. माझ्या तोंडून निघून गेलं, नडग्या. तो कोलाडच्या फाट्यापर्यंत माझ्याकडे बघत होता.

भांडणं किती केली आपण, देवा. तुला स्प्रिंग गॅसच्या ज्योतीवर तापवून बसवायची होती, कोणीतरी सांगितलं होतं तुला. मी म्हणालो, तापवलेली स्प्रिंग म्हणजे उकडलेली शेवग्याची शेंग, तिच्यात जीव राहत नाही. तू तीन रविवार रुसलास. मग तुला वेल्डिंग स्वतः करायचं होतं. तुझं वेल्डिंग मी पाहिलं होतं, मोठ्या मूर्तीच्या आतल्या सांगाड्याचं. त्या सांगाड्याला अकरा दिवस उभं राहायचं असतं आणि नंतर पाण्यात जायचं असतं. मी हे तुझ्या तोंडावर बोललो. वहिनी ओटीवरून हसल्या आणि तू मला चहा न देता परत पाठवलंस. पुढच्या रविवारी दोन कप दिलेस.

पण आपली खरी फजिती झाली ती मातीने. ती गोष्ट त्या सभेत कोणी सांगितली असती तर लोक पोट धरून हसले असते.

दिवाळीनंतर आपण मापं घ्यायला बसलो. मी व्हर्निअर, टेप, पाणसळ, सगळं घेऊन आलो होतो. जमिनीपासून मडगार्डपर्यंत पुढे किती, मागे किती. आणि काय आश्चर्य, मागची बाजू बरोबर बसलेली! फक्त नाक वर. तू टाळी वाजवलीस. "बग, मागनं बसलेलीच हाय ती. म्होरल्या दोन नडग्या काप, काम फत्ते." मीही पाहिलं, वहीत लिहिलं, दशांशापर्यंत लिहिलं. पुढच्या दोन नळ्यांमधून दोन इंच काढले, आतून रॉड घालून सरळ धरल्या, चार ठिकाणी टाके मारून, थंड करत करत जोडल्या. पौषात बसवल्या. गाडी अशी समतल झाली की पाणसळीतला बुडबुडा मध्येच झोपला. आपण पेढे खाल्ले.

फाल्गुनात नवीन हंगामाचं काम निघालं. तुझ्या माणसांनी डिकी उघडली आणि आतली शाडूची सहा पोती बाहेर काढली.

पावसाळ्यात पडवीच्या जमिनीला ओल येते, म्हणून उरलेली माती तू डिकीत ठेवली होतीस. कोरडी जागा म्हणून. जोह्यात माती कुठे नसते? ती घरात असते, अंगणात असते, बायकांच्या नखांत असते, ती कोणाला दिसतच नाही. तुला दिसली नाही, आणि दशांशापर्यंत मापं घेणाऱ्या या टर्नरने डिकी उघडून बघितली नाही. सहावं पोतं निघालं आणि गाडीचं बूड जे वर आलं, दामू! नाक जमिनीला, शेपूट आकाशात. वहिनी म्हणाल्या, "हिने तर साष्टांग घातला." तू पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलास. आणि मी हसलो नाही, हे तुला आठवत असेल. मला कंपनीत पस्तीस वर्षांत एकही जॉब परत आला नव्हता. माझी लाज बघून तू लगेच माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "अरं, माती माजी होती. तुजी काय चूक?" तेवढं एक वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

इथून आपला शेवटचा वाद सुरू झाला, तो काही मिटला नाही. तुझं म्हणणं, मागच्याही नडग्या काप. माझं म्हणणं, पुढे काढलेले तुकडे परत जोडतो, गाडी होती तशी करतो. हा हायवे बघ, म्हणालो. पेणहून रोह्याला जाताना गतिरोधक मोजले आहेस का? पोट घासेल, सायलेन्सर तुटेल. तू म्हणायचास, देव मांडी घालून बसतो तेव्हा वाटेत खड्डे किती याचा विचार करून बसतो का?

गणपती गेले, तू मोकळा झालास आणि एका रविवारी मी यायच्या आधीच मागची चाकं सोडवून बसलास. त्याआधी गाडी चाकांवर असतानाच तू शाडूचा एक गोळा मागच्या मडगार्डवर थापला होतास. त्यावर तीन बोटं आडवी दाबून मला दाखवलंस. "एवढी खाली. तीन बोटं." मी विचारलं, म्हणजे किती मिलिमीटर? "मिलिमीटर तुज्या कंपनीत," तू म्हणालास. "हितं बोटं." मी कुरकुरत दोन्ही नळ्या गोणपाटात बांधल्या आणि घेऊन गेलो.

आणि कापल्या नाहीत.

हीच ती सांगायची राहिलेली गोष्ट. तीन महिने मी तुला सांगत होतो की लेथ बिघडलाय. आज अमुक मिळत नाही, उद्या तमुक येणार आहे. दामू, लेथ ठणठणीत होता. रोज चालत होता. तुझ्या नळ्या शेडच्या कोपऱ्यात गोणपाटात तशाच होत्या, आणि मी दर रविवारी तुझ्याकडे येऊन, तुझ्या हातचा चहा पिऊन, तुझ्या तोंडावर खोटं बोलत होतो.

आधी मी स्वतःलाही सांगितलं की हे गतिरोधकांसाठी. तूच दमून नाद सोडशील, गाडी वाचेल. पण ते खरं नव्हतं. खरं असं की निवृत्तीनंतर माझे सगळे वार सारखे झाले होते. सोमवार काय, गुरुवार काय. फक्त रविवारला तोंडावळा होता. सकाळी आंघोळ करून निघायचं, तुझ्याशी भांडायचं, वहिनींची माशांची आमटी खायची, उन्हं उतरली की परत. आमची ही म्हणायची, "आज तुमची जोह्याची शाळा ना?" गाडी पूर्ण झाली की ही शाळा सुटणार. मग कशाला यायचं मी? नुसतं भेटायला? आपण पुरुष माणसं, आपल्याला नुसतं भेटता येत नाही, हातात पाना लागतो. म्हणून मी काम अडवून धरलं. माझ्या चार रविवारांसाठी तुझी गाडी ठोकळ्यांवर ठेवली, आणि तू तिला बसलेली न बघताच गेलास. हे मला फार लागलंय, दामू. फार.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. "भावजी, त्या नळ्यांचं काय करताव? माघातल्या गणपतींना पडवी पायजे. चार चाकांवं उभी करा, म्हंजे ढकलून तरी हलवता येल." तुझा चुलतभाऊ तिथेच होता, तो मागून म्हणत होता, भंगारवाल्याला बोलवा. वहिनी त्याला म्हणाल्या, "तुमी गप रव्हा हो." मी म्हणालो, येतो.

म्हणजे आता ठरवायचं मला होतं. न कापता नळ्या बसवल्या असत्या तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. गाडी साष्टांग घालत का होईना, चाकांवर उभी राहिली असती. माझा शब्दही राहिला असता, कारण वाद घालायला तू नव्हतास. पण असा जिंकलेला वाद घेऊन मी काय करू?

दुसऱ्या दिवशी व्हर्निअर खिशात घालून जोह्याला आलो. मडगार्डवरचा तुझा मातीचा गोळा तसाच होता. वहिनींनी कोणालाही हात लावू दिला नव्हता. पांढरा, खडखडीत सुकलेला, आणि त्यात तुझी तीन बोटं, मधल्या बोटावरच्या जुन्या कापल्याच्या खुणेसकट. मी व्हर्निअर उघडून त्याचे जबडे तुझ्या बोटांच्या दोन कडांना लावले. तीनदा मापलं. सत्तावन्न मिलिमीटर आणि वर थोडं.

वहिनी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, सुकली की माती आखडते. ओली असताना बोटं जाड होती त्यांची. सूतभर वाढवून घ्या." मग आत जाऊन पदर डोळ्यांना लावला असेल, मला दिसलं नाही. सूत म्हणजे तीन मिलिमीटर; मी वहीत लिहिलं, साठ. कंसात लिहिलं, वहिनींचं सूत धरून.

रोह्याला येऊन दोन दिवसांत दोन्ही नळ्या कापल्या, जोडल्या. सांगतो तुला, जोड असे झालेत की नख फिरवलं तर अडत नाही. तुला कळलं नसतं त्यातलं काही. तू म्हणाला असतास, हां, बरं हाय.

काल मयूरीने डोलवीच्या प्लांटातून रजा काढली. आम्ही दोघांनी मिळून नळ्या चढवल्या. तिचा हात चांगला आहे, तुझ्यासारखा घाई करत नाही. बसवण्याआधी मी स्वतः डिकी उघडून पाहिली. आत माती नव्हती, तुझी एक चप्पल होती. मग जॅक काढला, आणि पुढचं तुला वर सांगितलंच. वहिनींनी नारळ फोडला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आता खरी बसली गो बाय." मी व्हर्निअर काढलाच नाही. कबूल करतो, दामू, माझ्या कुठल्याही दशांशाला ही बैठक सापडली नसती. तुझी बोटं बरोबर होती.

मग मयूरी म्हणाली, "चला काका, रोह्याला सोडते." पिवळ्या गाडीत, खिडक्या खाली करून, आम्ही निघालो. पेणच्या नाक्यावर रिक्षावाले उठून उभे राहिले. वळणावर गाडी अशी जमिनीला चिकटून गेली की मी वयाला न शोभेलसा ओरडलो. गतिरोधक आला की पोरगी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायची. नागोठण्याच्या अलीकडे एक मात्र दिसलाच नाही. खर्रर्र! पोटाखालून असा आवाज आला की माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. मयूरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हे मी तुझ्या बाबाला सांगितलं होतं." आम्ही दोघं नागोठणं ओलांडेपर्यंत हसत होतो. तेवढा एक वाद मी जिंकलो आहे, तो माझ्या नावावर राहू दे.

अष्टमीत घरापाशी उतरलो. माझ्याच्याने राहवेना. मी तिला सगळं सांगितलं, लेथचं, खोट्याचं. तिने माफ करावं म्हणून नाही, कोणाला तरी सांगायलाच हवं होतं म्हणून. तिने वाकून सीटमागून एक कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या हातात दिली. लेथच्या मोटरीचा बेल्ट. नवा कोरा.

"दिवाळीनंतर बाबा एकदा आले होते इकडे," ती म्हणाली. "बुधवारी. तुमचा बेल्टच तुटला असणार, दुसरं काय बिघडतंय, असं म्हणत पेणला जाऊन हा घेतला आणि एसटीत बसले. गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तुमचा लेथ चालू होता. तिथूनच ऐकलं आणि परत फिरले."

मी विचारलं, रागावला होता का?

"रागावतायत कसले! हसतच घरी आले. आई म्हणाली, मंग विचारलाव का नाय भावजींना? तर बाबा म्हणाले, येडी काय तू? विचारलं की काम करून देल तो. आन काम झालं, की रविवारचा येयाचा बंद होल." आणि ती म्हणाली, "काका, डावा दरवाजा नीट लागत नाय. आईने सांगितलंय, रविवारी जेवायलाच या."

ती गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन बसलो. रडलो, दामू, खोटं कशाला सांगू, पण त्यात हसूही येत होतं. तीन महिने आपण दोघं एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. तू माझं खोटं खिशात ठेवून दर रविवारी मला विचारायचास, "काय रं टर्नर, झाला का लेथ नीट?" आणि मी मान खाली घालून नाय म्हणायचो, आणि तू किती समाधानाने चहा ओतायचास, ते आत्ता लक्षात येतंय.

बेल्ट मग लावून बघितला. एक नंबर मोठा आहे. तू दुकानात वितीनेच मापला असणार. माझा जुना बेल्ट चांगला आहे आणि हा पेणला जाऊन बदलून आणता आला असता. आज सकाळी मी मोटरीचे चारही बोल्ट सैल केले, तुझा बेल्ट चढवला आणि तो ताठ होईपर्यंत मोटर मागे सरकवली.